खारीपासून जास्वंद वाचवायला काय घ्यावं: मीटरवरची जाळी, वाणाची पोटली, झिपची पिशवी आणि बाकी सगळं

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकते. कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळणारी ४० मेशची पांढरी इन्सेक्ट नेट: साडेचार तारे. हळदीकुंकवाच्या वाणासाठी मिळतात त्या ऑर्गन्झाच्या पोटल्या: तीन. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारांची कडक चौकोनी जाळी: चार, पण फक्त कुंडीतल्या मातीसाठी. ऑनलाइन मिळणारी झिपची तयार पिशवी: दोन, तेही कापड बरं होतं म्हणून. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं खारी पळवतं म्हणून विकतात ते अल्ट्रासॉनिक यंत्र: शून्य. आणि पाकिटात घडी घालून विकतात ती बारीक नायलॉनची ‘बर्ड नेट’, जी सगळ्यात स्वस्त असते आणि सगळ्यात जास्त खपते, तिला तारे द्यायचा प्रश्नच नाही. ती का घेऊ नये ते खाली नीट लिहिलंय, तेवढं तरी वाचाच.

मी साताऱ्यात घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, लग्नसराईत शिवलेल्या नऊवाऱ्या. गच्चीवर कुंड्या आहेत: गावठी लाल जास्वंद, गुलाब, शेवंती आणि कठड्यावर चढवलेला कारल्याचा वेल. गच्चीला खेटून शेजारच्या काकांचा आंबा आहे, त्याच्या फांद्या थेट आमच्या कठड्यावर टेकतात. सासूबाईंना गणपतीला रोज लाल जास्वंद लागते, चतुर्थीला तर लागतेच लागते, आणि फुलपुडीतली चालत नाही. घरात झाड असताना विकतचं फूल वाहायचं म्हणजे त्यांच्या मते देवाला फसवणं.

खारीला विष घालणं, चिकटपट्टी लावणं असलं आमच्याकडे होणार नाही. रामानं पाठीवरून बोटं फिरवलेला जीव तो, त्यामुळे सासूबाईंनी तिला बाकी सगळं माफ केलंय, फक्त गणपतीची कळी सोडून. पिंजऱ्यात धरून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सोडून या, असाही सल्ला मिळाला. त्यात अर्थ नाही. घरट्यात पिल्लं असतील तर ती उपाशी मरतात, धरलेल्या खारीला नव्या जागी ना घरटं ना ओळखीचं झाड, आणि इथे रिकाम्या झालेल्या फांदीवर दुसरी येऊन बसते.

जाळी घेण्याआधी चोर कोण ते बघा, कारण दरवेळी खारच असते असं नाही. मी मशीन खिडकीशी ठेवलंय, तिथून जास्वंदीची कुंडी समोर दिसते. खार देठावर उलटी लटकून कळी खुडते, कठड्यावर येऊन मागच्या पायांवर बसते, कळी पुढच्या दोन पंजांत धरून गोल गोल फिरवते आणि दातांनी हिरवी टोपी सोलून खाली टाकते. मग आत घट्ट गुंडाळलेल्या लाल पाकळ्या जराशा उचकटून बुडाचा कोवळा भाग आणि पिवळे पराग खाते. उरलेलं फेकून लगेच दुसरी. कठड्याखाली हिरव्या टोपीचे तुकडे पडलेले दिसले की समजायचं. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या ओरबाडलेल्या असतील तर बुलबुल. फूल धड आहे पण बुडाशी बारीक चीर आहे, तर शिंजीर मध पिऊन गेलाय, त्याला पिऊ द्या, फूल देवाला चालतं. रात्रीतून कुरतडलं असेल तर खारीवर आळ घेऊ नका, ती दिवसाची प्राणी आहे; उंदीर किंवा अळी शोधा. आणि कळी पिवळी पडून आपोआप गळत असेल, देठाशी पांढरा कापूस दिसत असेल, तर तो पिठ्या ढेकूण. त्याला जाळीचा काडीचाही उपयोग नाही, उलट जाळीच्या आत तो सुखानं वाढतो.

आता ती बर्ड नेट. पाकिटावर लिहिलेलं असतं की लावल्यावर दिसत नाही. हेच तिचं पाप आहे. माणसाला दिसत नाही तशी पाखराला, सरड्याला, खारीच्या पिल्लालाही दिसत नाही.

आमच्या गल्लीत एका घरी परसात दोडक्याच्या मांडवाची जाळी हंगाम संपल्यावर तशीच खाली लोळत होती. तिच्यात धामण अडकली. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साप जाळीच्या भोकातून डोकं घालून पुढे सरकतो, अंग जाड झालं की अडकतो, आणि मागे यायला गेला की खवले दोऱ्यात अडकतात. जितकी ओढ घेतो तितका दोरा आत रुततो. सर्पमित्र आले, त्यांच्याजवळची कात्री मोठी होती, तिचं पातं दोऱ्याखाली जाईना. मी माझी दोरे कापायची कात्री आणून दिली, टोकाला निमुळती असते ती. त्यांच्या जोडीदारानं डोकं धरलं, अंगावर ओलं फडकं टाकलं, आणि मग एकेक दोरा उचलून टच, टच. मधल्या भागात दोरा इतका आत गेला होता की बाहेरून दिसतच नव्हता, नुसती अंगाभोवती एक खाच. तो निघाला तेव्हा तिथले खवले उचकटलेले होते आणि खाली गुलाबी मांस. धामण जिवंत होती, उपचारासाठी नेली. कापलेला एक तुकडा मी बोटांत धरून बघितला. माझ्या शिलाईच्या दोऱ्यापेक्षा बारीक, ताणला तर तुटत नाही, बोटाला वळ उठतो. दिवसभर दोऱ्यातच काम करते मी, पण असला दोरा झाडावर टाकायची माझी हिंमत नाही.

असं काही अडकलेलं दिसलं तर ओढाओढ करू नका. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे, त्यावर कळवा, नाहीतर ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा.

मग कुठली जाळी चालते? नणंदेची मुलगी मेलबर्नला असते, तिच्याकडून एक कामाची गोष्ट कळली. तिकडे व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून नियम आहे की घरच्या फळझाडावर टाकायच्या जाळीचं भोक, जाळी पूर्ण ताणल्यावरसुद्धा, ५ मिमी बाय ५ मिमीपेक्षा मोठं असता कामा नये. तिकडची मोठी फळखाऊ वटवाघळं मोठ्या भोकांच्या जाळ्यांत गुरफटून मरायची. घरगुती परीक्षा अशी: भोकातून बोट आरपार गेलं तर ती जाळी नको. नियम फळझाडांचा आहे, तोही तिकडचा. पण बोट आपल्याकडेही आहेच, तेव्हा दुकानात उभं राहून घालून बघायला काय हरकत आहे. बर्ड नेटमधून माझी दोन बोटं गेली.

मला हवं ते कापड शेवटी शेतीच्या दुकानात मिळालं. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकांना पांढरी माशी येऊ नये म्हणून जी जाळी लावतात ती. ४० मेश म्हणजे एका इंचात ४० घरं, बोट सोडा, सुई घालायची तर शोधावी लागते. दुकानातल्या दादांनी विचारलं, “किती गुंठ्याला पायजे ताई?” म्हटलं, कुंड्यांना. ते हसले, पण रोलच्या शेवटचा उरलेला तुकडा काढून दिला आणि पैसेही कटपीसचेच लावले. तुम्हीही रोल सुरू करायला लावू नका, शेवटचा तुकडा मागा.

कापड म्हणून बोलायचं तर माल चांगला आहे. धागा गोल आणि कडक, विणकाम घट्ट, ताणलं तर घरं वाकडी होत नाहीत. उन्हात टिकावं म्हणून त्यात यूव्हीचं संस्करण केलेलं असतं, तेवढं दुकानात विचारून घ्या, कारण बिनसंस्करणाची स्वस्त जाळी उन्हानं ठिसूळ होऊन भुरभुर गळायला लागते. माझी उन्हाळा-पावसाळा काढून अजून धड आहे. दुर्गुण एकच: काठ सुटतात. एकदाच मुडपून शिवलं तर धागे सरकून शिवण मोकळी होते. मी काठाला जुन्या टेरिकॉटची पट्टी लावून आत बाहेर बंद केलं. सुई सोळा नंबरची, टाका लांब, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा पावसात कुजतो. आणि काही झालं तरी इस्त्री लावू नका, प्लॅस्टिक आहे ते, इस्त्रीलाही चिकटेल.

मी त्याचा उशीच्या अभ्र्यासारखा खोळ शिवला, खालच्या तोंडाला नेफा आणि नेफ्यात नाडी. कुंडीत तीन बांबूच्या काड्या झाडापेक्षा वीतभर उंच खोचायच्या, त्यावरून खोळ सोडायचा आणि नाडी कुंडीच्या काठाखाली बांधायची. काड्या हव्यातच. जाळी कळीला टेकली तर खार बाहेरून जाळीसकट कळी कुरतडते. काड्यांमुळे कळी आत लांब राहते, खार वरून एक चक्कर मारते, वास घेते आणि जाते. कोपऱ्यात एकदा दात लावून भोक पाडलंय तिनं, मी ठिगळ लावलं. अर्धा तारा त्याचा कापला.

दिवसभर खोळ ठेवायची गरज नाही. जास्वंद सकाळी उमलते आणि उद्या उमलायची कळी आज दुपारनंतर लालबुंद, लांबट दिसायला लागते. खारी उन्हाच्या वेळी सुस्त आणि सकाळ-संध्याकाळी जोरात. म्हणून दुपारच्या चहानंतर खोळ घालायचा, सकाळी फुलं काढली की काढून ठेवायचा. चैत्र-वैशाखात तर दुपारी काढलाच पाहिजे, आत वारा खेळत नाही. आठवड्यातून एकदा पानं उलटी करून बघायचं, कारण आत लेडीबर्ड भुंगेरे जाऊ शकत नाहीत आणि मावा वाढला तर त्याला खाणारं कुणी उरत नाही.

कारल्यावर मात्र ही जाळी घालू नका. मधमाशी आत गेली नाही तर फळ धरणार नाही. घातलीच तर सकाळी नर फूल खुडून मादी फुलाला स्वतः लावत बसावं लागेल, आणि सकाळी माझ्याकडे गणवेशाची घाई असते.

ऑर्गन्झाच्या पोटल्या ही गरिबाची आणि आळशाची सोय, आणि मी हे कौतुकानं म्हणतेय. संक्रांतीनंतर घरोघरी पडून असतात. एका कळीला एक पोटली, रिबन देठाशी बांधली की झालं. कापड पॉलिस्टरचं, झिरझिरीत, बोट जात नाही. पण सॅटिनची रिबन गुळगुळीत असते, आपोआप सैल होते. ती काढून साधी सुती नाडी ओवा. रंगीत, जरीची पोटली घेऊ नका, जरीचे तार सुटून कळीत अडकतात. वाऱ्यानं पोटली हलते, देठ नाजूक असेल तर वाकतो. पावसाळ्यात तर पाणी धरून ठेवते आणि कळी आतच काळी पडते. एक-दोन कळ्या चतुर्थीसाठी राखायच्या असतील तर उत्तम, पूर्ण झाडाला बांधत बसाल तर संध्याकाळ त्यातच जाईल. शेवंतीच्या कळ्यांना बुलबुल टोचत होते तिथे यांनी चांगलं काम केलं.

ऑनलाइन मागवलेली झिपची पिशवी ‘खास बागेसाठी’ म्हणून आली. कंपनीचं नाव लिहीत नाही. जाळी खरंच बारीक होती, दोन तारे त्यासाठीच. पण शिवण! झिपच्या दोन्ही टोकांना उलटा टाका नाही, बाजूच्या शिवणीला मार्जिन नखाएवढं, आणि धावता दोरा इतका सैल की एक टोक ओढलं तर अर्धी बाजू उसवत आली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीनं असं काम आणलं असतं तर मी तिला परत मशीनवर बसवलं असतं. झिपची किल्ली पहिल्या पावसानंतर अडकली. मी झिप उसवून काढली आणि तिथे वेल्क्रो लावला, आता ती पिशवी चालते. पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला मीच शिवायचं, तर तुमचं काम काय?

वेल्डमेश कशाला, तर खारी कुंडीत उकरतात त्यासाठी. शेंगदाणा, बी काहीतरी पुरून ठेवायला माती उपसतात आणि नुकतं लावलेलं शेवंतीचं रोप मुळासकट बाहेर. हार्डवेअरच्या दुकानात जस्ताचा थर दिलेली अर्धा इंच बाय अर्धा इंच चौकोनाची मागा. षटकोनी कोंबडी-जाळी लवचीक असते आणि तिची भोकं मोठी, खार ती दाबून बाजूला करते. कुंडीच्या तोंडाएवढा गोल कापायचा, मधे खोडासाठी भोक, आणि काठापासून मध्यापर्यंत एक चीर, म्हणजे झाड न काढता घालता येतो. मातीवर सपाट ठेवून वर थोडा पालापाचोळा. पाणी जातं, खत घालता येतं, उकरता येत नाही. कापलेल्या तारांची टोकं फार बोचरी असतात, खारीच्या पायालाही आणि आपल्या हातालाही. मी कडेला जुन्या रेक्झीनची पाइपिंग भरली. तुम्ही टोकं पक्कडीनं आत वळवलीत तरी पुरे. आणि जाळी पत्र्याच्या कात्रीनंच कापा. घरातली कापडाची कात्री या कामाला उचलणाऱ्या माणसाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, तो माणूस हे वाचतो.

मिरचीचं पाणी फवारा, असं सगळेच सांगतात. तिखटाची आग खारीला लागते, पाखरांना लागत नाही. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर एक खास ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा ‘रिसेप्टर’, असतो, तो तिखट आणि चटका दोन्हीला सारखाच भडकतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, असं माझी बी.एस्सी.ची मुलगी सांगते. पक्ष्यांचा तो ग्राहक तिखटाला दाद देत नाही, म्हणून तर पाखरं मिरच्या खाऊन बिया लांबवर टाकतात. म्हणजे फवारणीनं खार थांबेल, बुलबुल नाही. पण एक सर आली की सगळं धुऊन जातं, आणि देवाला वाहिलेलं फूल माणसं डोळ्यांना लावतात. सासूबाईंनी लावलं. तो उपाय आमच्याकडे त्याच दिवशी बंद झाला. डांबरगोळ्या कुंडीत ठेवायचा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका, नॅप्थलीन विषारी असतं, मातीत आणि मुलांच्या हातात जातं.

अल्ट्रासॉनिक यंत्र मुलानं मागवलं, सौरऊर्जेवर चालणारं, पुढे लाल दिवा लुकलुकणारं. खारींनी एक दिवसही सुट्टी घेतली नाही. बुलबुलांना तर तो आवाज ऐकूच येत नाही, पक्ष्यांचे कान इतक्या वरच्या सुरापर्यंत पोचत नाहीत. त्रास झाला तो शेजारच्या काकांच्या कुत्र्याला, बिचारा आमच्या गच्चीकडे बघून कण्हायचा. काकूंनी विचारलं, “वहिनी, तुमच्याकडे काही वेगळं सुरू केलंय का?” त्या दिवसापासून यंत्र कपाटात आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच अशी कीड-उंदीर पळवणारी यंत्रं विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवली होती की जे दावे करताय त्यांना शास्त्रीय पुरावा असू द्या. इतक्या वर्षांनी तीच जाहिरात आपल्याकडे मराठीत येते.

माकडांबद्दल विचाराल तर वर लिहिलेल्यातलं काहीही चालत नाही. टोळी आली की खोळ उचलून बघतात, नाडी सोडतात, गुलाबाच्या कळ्या शांतपणे खातात. त्यांना कधीही खायला घालू नका आणि त्या दिवसांत महत्त्वाची कुंडी खिडकीच्या ग्रीलच्या आत घ्या, एवढंच करता येतं. वेल्डमेशचा पूर्ण पिंजरा करून घेतलेले लोक आहेत, पण मग बाग आत आणि आपण बाहेर उभे.

खोळ शिवायचा असेल तर माप असं: कुंडीच्या तोंडाचा घेर मोजा, त्यात वीतभर सैल धरा, उंची काड्यांच्या टोकापासून कुंडीच्या निम्म्यापर्यंत, शिवाय खालच्या नेफ्याला दोन इंच जास्त. धुवायचा तर गार पाण्यात, साबण नाममात्र, पिळायचा नाही. शिवून देता का, असं दोघी-तिघींनी विचारलंय. देईन, पण जाळी तुमची तुम्ही आणा आणि लग्नसराई संपल्यावर या. सध्या माझ्याकडे ब्लाउजच दारापर्यंत आलेत.